बावखलात बुडालेली ताई

डायनाने कादंबरी वाचून संपवली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "मम्मी, त्या ताईला बावखलात बुडवायची काय गरज होती?"

स्वप्नाने गॅस बंद केला आणि ते प्रकरण उभ्या उभ्याच वाचलं. केळीच्या वाडीतलं घर, वाडीला पाणी देणारं तळ्यासारखं बावखल, बरणीत ढग बनवून दाखवणारी थोरली बहीण, तिच्या मागे मागे फिरणारा धाकटा भाऊ. सगळं तिचंच होतं. शेवट तेवढा तिचा नव्हता. पुस्तक लिहिणारा कौस्तुभ आपला मामा आहे, हे डायनाला माहीत नव्हतं. विल्सनशी लग्न केलं म्हणून स्वप्नाला माहेरचं दार बंद झालं, वडील गेले तेव्हा साधा निरोपही आला नाही. ते तिने गिळलं होतं. आता भावाने तिला कागदावरही मारून टाकलं.

माणिकपूरला डायनाच्या शाळेत तो मुलांशी बोलायला येणार होता. जाऊ नकोस, तुलाच त्रास होईल, असं विल्सनने समजावून पाहिलं.

"त्रास त्याला व्हायला पाहिजे," ती म्हणाली आणि ठेवणीतली साडी काढली.

सभागृहात पहिल्या रांगेत सत्काराची शाल पांघरून आई बसली होती. तिला बघून स्वप्ना जरा अडखळली, पण राग मोठा होता. कौस्तुभ छान बोलला. चुकलेला प्रयोग टाकून द्यायचा नसतो, पुन्हा करून बघायचा असतो, घरातल्या माणसांचंही तसंच, असं त्याने सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा स्वप्नाने माईक मागून घेतला.

"मग तुम्ही बहिणीला बुडवलंत का?"

त्याने तिला ओळखलं. घसा खाकरून म्हणाला, की ती कथेची गरज होती.

"कथेची की घराची? मी जिवंत आहे, कौस्तुभ. इथेच जवळ, एव्हरशाईनला राहते. रिक्षाने येता येतं."

मुलं एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हातातलं आपलंच पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं. हेच बघायला ती आली होती, आणि तिने ते डोळे भरून बघितलं.

डायनाला घेऊन ती निघाली तेव्हा आईने तिचं मनगट धरलं. "किती बारीक झालीस गं."

"मेलेली माणसं बारीकच होतात," स्वप्ना म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

फाटकाबाहेर आल्यावर डायनाने त्या आजी कोण ते विचारलं. स्वप्नाने सांगून टाकलं. रिक्षात बसल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. डायनाने पाहिलं. कठडा धरून म्हातारी एकटीच पायऱ्या उतरत होती, शाल मागे फरफटत होती.

"निघायचं ना?" रिक्षावाल्याने विचारलं.

डायनाने एव्हाना एक पाय खाली टाकला होता.