डावा हात

यशोदेने आईला जवळजवळ ओढतच पहिल्या रांगेत नेऊन वाळूत बसवले. सरकारी प्रचाराच्या गाडीवाल्याने कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर दोन बांबूंमध्ये चादर ताणली होती. जत्रेत बारा वर्षांनी तोच चित्रांचा सिनेमा पुन्हा लागणार होता : ससा, कोल्हा आणि दीपगृहातल्या दिव्याची चोरी.

बाकीचे करमणुकीला आले होते. यशोदा एक हात बघायला आली होती.

त्रेपन्न साली, आठ वर्षांची असताना, हाच सिनेमा पाहून ती घरी येऊन झोपली आणि सकाळी आईची नथ कोनाड्यात नव्हती. अर्धवट झोपेत एक डावा हात कोनाड्याकडे जाताना पाहिला, असे तिने ठासून सांगितले. घरात डावखुरा एकच, आंब्याच्या बागेचा राखणदार बाबली. वडिलांनी त्याला त्याच दिवशी काढले. आता वडील नव्हते आणि मुंबईहून परतलेला बाबली पुन्हा राखण मागत होता. उत्तर उद्या द्यायचे होते. पण तो हात आपण घरात पाहिला की पडद्यावर? सिनेमातल्या चोराचा हात डावा निघाला, तर एका माणसाचे आयुष्य आपणच मातीत घातले.

दिव्याची खोली आली. खिडकीतून चोराचा नुसता हात आत शिरला. यशोदेने आईचा दंड घट्ट धरला.

हात उजवा होता.

तिला एकदम हलके वाटले. म्हणजे घरात पाहिलेला हात खराच. बाबलीला खुशाल नाही म्हणता येईल. एवढा आनंद झाल्याची तिला लाजही वाटली.

सिनेमा संपताच पोरांनी गलका केला, तसा गाडीवाला कुरकुरत रीळ परत लावू लागला. आईने पाय पसरले.

“आता बरां आसा. तेव्हा आमकां बायकांक पडद्यापाठी बसयत. पुरुष फुडे.”

यशोदा उठली. बांबूला वळसा घालून ती चादरीमागे गेली. तिथे लोकांच्या नजरेपासून दूर बाबली एकटाच बसला होता, डावा हात मांडीखाली दाबून. ती त्याच्याशेजारी टेकली. इकडून सगळेच उलटे दिसत होते. खिडकी उघडली आणि हात आत शिरला. डावा.

“काकानू, फाल्यांपासून बागेत राखणीक येवा,” ती कशीबशी म्हणाली.

बाबलीने पडद्यावरची नजर काढली नाही.

“नथ गावली?”

“नाय गावली. पण ती तुमी घेतलास नाय.”

मग त्याने मांडीखालचा हात काढला आणि वाळूवर ठेवला.