खिरापतीतलं किवी

"काकू, सुकं किवी खाल्ल्यावर ओठ सुजतात, तोही बेनिफिटच धरायचा का?"

ओठ माझे होते, प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींनी, नीना आणि आश्लेषाने, स्कूलबसमध्ये बसून तयार केला होता, आणि मी तो मंडळाच्या गणपतीत, माइक हातात घेऊन, चक्क मराठीत विचारायचा अशी पैज होती. "यू वोन्ट, आसू," नीना म्हणाली होती. "तू उभी राहशील, लाल होशील आणि वॉशरूम कुठे आहे ते विचारशील."

गेल्या वर्षीपर्यंत तिचं बरोबर होतं. पण यंदा शाळेच्या स्पीच टीममध्ये माझी निवड झाली आणि तेव्हापासून मला माझा आवाज फारच आवडायला लागलाय. (घरात हे मत फक्त माझं आहे.)

तर शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका शाळेचा भाड्याने घेतलेला कॅफेटेरिया, समोर बाप्पा, बाप्पाच्या मागे 'ट्रे इथे ठेवा' अशी पाटी, आणि आरतीच्या आधी सुलेखाकाकूंचं भाषण : 'आरोग्य आपल्या हाती'. सुलेखाकाकू सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात आणि वीकेंडला आमच्या पोटातल्या. सगळं ज्ञान त्यांना ईमेलने येतं, आणि ते त्याच रात्री सव्वाशे लोकांना फॉरवर्ड करतात. मागच्या वर्षी ओव्याचा अर्क होता. यंदा सुकं किवी.

"किवीत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं!" काकूंनी सांगितलं. खरं आहे, ताज्या किवीत असतं. वाळवताना त्यातलं बरंचसं उडून जातं, पण तो ईमेल बहुतेक काकूंना आला नसावा. फायबर राहतं, पोटॅशियम राहतं, हेही खरं. काकूंच्या यादीत मात्र त्यापुढे केस, गुडघे, झोप, स्मरणशक्ती आणि एकाग्रता असं सगळं होतं. समोरच्या बायका लिहून घेत होत्या. माझी आईसुद्धा. आमच्या पॅन्ट्रीत त्या किवीची उशीएवढी दोन पाकिटं असताना.

आमच्याकडे पाकीट वाचायची एक पद्धत आहे. अंडं आहे का? जिलेटिन आहे का? बीफचं काही आहे का? तिन्ही नाही म्हटलं की पाकीट पवित्र, पुढचं वाचायचं कारण नाही. मी पुढचं वाचलं. पहिलं नाव किवीचं, दुसरं साखरेचं, मग सल्फर डायऑक्साइड, मग हिरवा रंग. म्हणजे फळाला फळासारखं दिसण्यासाठी मेकअप. त्या सल्फरने दम्याच्या लोकांना त्रास होऊ शकतो, हे मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर वाचलं आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "आपल्याकडे कुणाला दमा आहे?"

मला दमा नाही. मला फक्त डब्यातलं किवी खाल्लं की जीभ खाजते आणि ओठ असे होतात, जसे काही मी कुणावर तरी कायमची रुसलेय. आईचं निदान : उष्णता. उपाय : सब्जाचं पाणी. आणि दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा किवी, कारण ते हेल्दी.

"आई, ही अ‍ॅलर्जी आहे."

"शेंगदाण्याची असते, दुधाची असते. यंदापासून पाकिटावर ठळक लिहितात. किवीचं कुठे लिहिलंय?"

"आई, पाकिटावर सगळ्यात मोठं किवीच लिहिलंय."

"जास्त शहाणपणा नको."

एवढ्या तयारीनिशी मी माइक घेतला आणि प्रश्न विचारला. मागच्या बाकावर आश्लेषाने तोंडात ओढणी कोंबली. बाबा एकदम बाप्पाकडे बघायला लागले. आईने माझ्याकडे बघितलं. कसं, ते मी इथे लिहीत नाही.

सुलेखाकाकू मात्र गोड हसल्या. "अगं बाळा, ते आतलं वाईट बाहेर पडतंय! शरीर साफ होतंय. तुला सवय नाही ना? रोज थोडं थोडं खायचं. महिन्याभरात बघ."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि लगेच आरती सुरू झाली. पैज मी जिंकले होते. तरी उगाचच हरल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी झांजा जरा जास्तच जोरात वाजवल्या.

खरा प्रकार आरतीनंतर झाला. खिरापत वाटायला स्वतः सुलेखाकाकू होत्या. खोबरं, खडीसाखर, खारीक, खसखस आणि बेदाण्यांच्या जागी, हो, बारीक चिरलेलं हिरवंगार किवी. "अमेरिकन पंचखाद्य!" असं म्हणत त्या प्रत्येकाच्या तळहातावर चमचा रिकामा करत होत्या. माझ्या पुढचा देवांग दोनदा घेऊन गेला. मग माझी पाळी आली.

माझा हात पुढे झालाच नाही.

"घे गं," काकू म्हणाल्या.

"नको, काकू."

"नको? प्रसाद आहे!"

मागची रांग वाकून बघायला लागली. भाषणात प्रश्न विचारलेला एक वेळ चालतो, मूल हुशार आहे म्हणतात. पण प्रसादाला नाही म्हणायचं? आई माझ्या कानाशी आली. "आसावरी, एक तुकडा. सगळे बघतायत. देवाचं आहे, देवाच्या प्रसादाने काही होत नाही."

"मी बाप्पाला मघाशीच सांगितलंय," मी म्हणाले. "तो काही बोलला नाही."

"आगाऊ कुठली!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

आईने माझा हात धरला, तळवा उघडला, आणि काकूंनी चमचा रिकामा केला. तळहातावर पाच-सहा हिरवे तुकडे. खाऊन टाकणं किती सोपं होतं! खायचं, हसायचं, रांग पुढे सरकणार. मी वर्षानुवर्षं हेच करत आलेय. मला मात्र गुरुवारचा डबा आठवला. आणि तेव्हा मला कळलं की मी चिडलेली नाहीये. मी घाबरलेय.

"मी नाही खाणार," मी म्हणाले. या वेळी स्पीच टीमचा आवाज आला नाही, छोटासाच आला.

तेवढ्यात रांगेतून शुभामावशी पुढे आल्या. त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, आणि मंडळात कधीच भाषण करत नाहीत. त्यांनी माझ्या तळहाताखाली पेपर नॅपकिन धरला आणि सगळं त्यात काढून घेतलं. "नुसते ओठच सुजतात, की घसापण?"

मी आईकडे बघितलं.

"माझ्याकडे बघ, आईकडे नंतर."

"गुरुवारी," मी म्हणाले. "लंचला. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. गिळता येईना. मग थोड्या वेळाने गेलं."

"आणि किवी खाऊन त्रास त्याआधी किती वेळा झाला होता?"

"तीनदा. दर वेळी जरा जास्त."

शुभामावशी सुलेखाकाकूंकडे वळल्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सुलेखा, ही अ‍ॅलर्जी आहे, रोज थोडं थोडं खाऊन ती जात नसते. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो." मग मला, "ताजं नाही, सुकं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. डॉक्टरला दाखव. आणि पुन्हा घसा आवळला तर थांबायचं नाही, सरळ नाइन-वन-वनला फोन."

काकूंनी हातातल्या पातेल्याकडे असं बघितलं जसं काही त्यातलं किवी त्यांच्याशी खोटं बोललं होतं. "मला ईमेलमध्ये असं काही..." म्हणाल्या आणि त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

आईचा माझ्या मनगटावरचा हात अजून तसाच होता. "घशाचं मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सब्जाचे दोन ग्लास दिले असतेस."

एरवी मला हे फारच भारी वाटलं असतं. पण आईचे डोळे भरून आले.

घरी जाताना बाबा गाडी चालवत होते. आई पुढच्या सीटवरून दर सिग्नलला मागे वळून माझ्या ओठांकडे बघत होती. शेवटी बाबांनी घसा साफ केला. बाबा घरातले प्रॅक्टिकल.

"मी काय म्हणतो, डिसेंबरमध्ये आपण पुण्याला जातोच आहोत. संजयकाकाच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, एका दिवसात सगळ्या टेस्ट होतील. इथे रेफरल, मग वेटिंग, मग पुन्हा रेफरल... तोपर्यंत किवी बंद. काय?"

आमच्या घरातले सगळे अवयव डिसेंबरची वाट बघत असतात. बाबांची दाढ, आईचा गुडघा, माझा चष्मा. आईने मान डोलवायला सुरुवात केली, आणि मग अर्ध्यातच थांबवली.

"श्रीरंग, अजून तीन महिने आहेत," ती म्हणाली.

"अगं पण ती खाणारच नसेल तर..."

"मला काय माहीत कशाकशात असतं ते? आज प्रसादात होतं."

बाबांनी गाडी आमच्या गल्लीत वळवली. गाडी गॅरेजसमोर थांबली, तरी कुणी उतरलं नाही. मी सीटबेल्ट काढला, दोघांच्या सीटच्या मधे डोकं घातलं आणि म्हणाले :

"आई, बाबा, दोघेही ऐका. मी डिसेंबरपर्यंत थांबणार नाहीये. उद्या लंचब्रेकमध्ये मी स्वतः डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून अपॉइंटमेंट घेणार आहे. शाळेच्या नर्सलाही सगळं सांगणार आहे, गुरुवारचंसुद्धा. मी अठरा वर्षांची नाही, त्यामुळे बरोबर तुमच्यापैकी कुणीतरी एक लागेल. कोण येणार, ते आता तुम्ही आत जाऊन ठरवा."