चाकं असूनही कोंडलेलं सोनोग्राफी मशीन

मी एक जुनं सोनोग्राफी मशीन आहे, मित्रांनो. रत्नागिरीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत असतं. चांगली चार चाकं आहेत मला! पण नोंदलेल्या खोलीबाहेर जायचं नाही, असा कायदा. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी, हे चोरून बघायला माणसांनी माझ्या भाईबंदांना गावोगाव फिरवलं, म्हणून तो झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी! भाट्याच्या किनाऱ्यावरचा खारा वारा आत येऊन माझे स्क्रू गंजवतो, पण समुद्र मी कधी पाहिलेला नाही.

वर्षानुवर्षं मी पोटंच बघितली, बाळांची नि मुतखड्यांची. कौतुकही झालं. मग लोक नव्या मशीनकडे वळले आणि माझ्यावर चादर पडली. ती काढली शमिका डॉक्टरांनी. सुई न टोचता, कुठे न कापता रक्तवाहिनीची सूजही मला दिसते, हे त्यांनीच ओळखलं.

एके सकाळी राजापूरकडच्या सोनूबाई आल्या, सुनेचा, मथुराचा हात धरून. डोकं महिनाभर ठणकत होतं. घरचे सुंठेचा लेप लावत होते. आदल्या दिवशी डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला, तेव्हा सगळे घाबरले. चावताना जबडा दुखतो का, असं डॉक्टरांनी विचारलं. सोनूबाई नाही म्हणाल्या. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असली तर चावताना जबडा बहुधा दुखतोच, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडल्या.

तेव्हा मथुरा हळूच म्हणाली, "त्या चावतायत कुठं? महिनाभर नुसत्या पेजेवर हायत. भाकरी नको म्हणतात."

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसानं पेज मागितली तर नवल कुणाला वाटतं? कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी लेप पुसून कानशिलावर जेल लावलं. मी पाहिलं, तिथल्या रक्तवाहिनीभोवती सुजेचं काळं कडं होतं; हीच सूज डोळ्याकडचं रक्तही तोडते. त्याच दिवशी औषध सुरू झालं. उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच.

पुढच्या खेपेला सोनूबाई माझ्याकडे मान वळवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढं सगळं ह्याला दिसतं, तर महिनाभर आधी का नाय सांगितलंन?"

मला फार वाईट वाटलं. कसं सांगणार होतं मी? त्या तिकडे, मी इथे, चाकांना ब्रेक लावलेलं.

मित्रांनो, मला तुमच्या घरी येता येत नाही. घरातलं म्हातारं माणूस भाकरी बाजूला सारून पेज मागू लागलं, तर नुसती वाढू नका. काय दुखतंय ते विचारा, आणि दोन्ही डोळ्यांनी दिसतंय तोवर त्याला घेऊन या.