दोन नाकांचा सम्राट

मित्रांनो, मी एक जुने रोमन नाणे आहे. वय सतराशेच्या पुढे. नक्की आकडा सांगणार नाही. माझ्यावर सम्राट एक आहे आणि नाके दोन. हसून घ्या.

आधी माझ्यावर वेगळाच सम्राट होता. दुसऱ्याने त्याला खाली खेचले आणि हुकूम सोडला, "जुने थोबाड पुसा, माझे ठोका!" टाकसाळीतल्या कारागिराने मला तापवून नव्या साच्यावर ठेवले आणि हातोडा हाणला. पण त्याला जेवायची घाई होती. घाव तिरका बसला. नवा सम्राट उमटला, आणि त्याच्या मानेमागे जुन्याचे नाक तसेच राहिले. पुढे साम्राज्य बुडाले. नाक आहे.

मग कित्येक शतके मी मडक्यात पुरलेले होते. मातीने मला हिरवा थर चढवला. तोच माझा अंगरखा.

आता मी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आहे. त्या रोमन नाणी जमवतात आणि पेशंटचे तोंड उघडे असताना त्याला सम्राटांच्या भानगडी सांगतात. बिचारा 'पुरे' म्हणू शकत नाही.

नाण्यांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाईंचे दीर दवाखान्यात आले आणि टेबलावर मला पाहून म्हणाले,

"वहिनी, हे काय शेवाळलेलं! तुमच्या दात घासायच्या मशीननं चकाचक करून देतो."

"भाऊजी, हात लावू नका. मागे ते चांदीचं नाणं घासलंत, त्यातला सम्राट आता उकडलेला बटाटा दिसतो. कोण होता तेसुद्धा कळत नाही."

"पण चमकतो की नाही?"

खुर्चीतल्या पेशंटला आ करून ठेवायला सांगून बाई औषध आणायला आत गेल्या. भाऊजींनी लगेच मला उचलले, मशीन सुरू केले. ब्रश माझ्या कडेला घासला. थर जाणार, पाठोपाठ नाक जाणार! मी थरथरले, त्यांच्या बोटांतून निसटले आणि उडाले ते थेट त्या पेशंटच्या उघड्या तोंडात.

त्याने कचकन तोंड मिटले.

बाई धावत आल्या. "अहो, आ करा!"

तो मान हलवून नाही म्हणाला आणि मशीनकडे बोट दाखवत राहिला. भाऊजींनी वायर उपटली, तेव्हाच त्याने मला हातावर काढले.

"दोन नाकांचं ना हे? तीन वेळा ऐकलंय मी. हे घासलं तर पुढच्या खेपेला काय सांगाल, बटाट्याची गोष्ट?"

प्रदर्शनात मी हिरवेच गेले. कडेला दाताची नवी खूण मिरवत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना घासू नका. मला पुसायला एक अख्खा सम्राट निघाला होता. भाऊजी, तुम्ही कोण लागून गेलात?