चढाचा माणूस

बहरीनमध्ये चढ असा नाहीच. नावाला एक डोंगर आहे, पण त्याला डोंगर म्हणताना कोकणातला माणूस जरा खाली बघतो. तरीही जनाबियातल्या एका कंपाउंडमध्ये राहणारा गुरुप्रसाद आठल्ये चढ चढण्यात तरबेज झाला होता, आणि तेही हॉलमध्ये, एसी लावून.

गुरुप्रसाद मूळचा पुण्याचा, एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. पन्नाशीला टेकता टेकता रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं फारच साधं वाटल्यामुळे त्याने ग्रॅव्हल बाइक घेतली. खडीच्या, कच्च्या वाटांवर चालवायची जाड टायरची सायकल. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्याने तिचं मागचं चाक काढून ती ट्रेनरवर बसवली. ट्रेनर म्हणजे एक जड यंत्र. सायकल जागची हलत नाही, समोरच्या टीव्हीवर रस्ता मात्र सरकतो, आणि पडद्यावर चढ आला की पेडल जड होतं.

पडद्यावरच्या शेकडो रस्त्यांतून त्याने ऑस्ट्रियातली आल्प्सच्या पायथ्याची एक दरी निवडली आणि दीड वर्ष रोज संध्याकाळी तो त्या दरीत असायचा.

"कुठवर पोचलात?" त्याची बायको हेमा स्वयंपाकघरातून विचारायची.

"गिरणीच्या चढावर."

"भाकरी टाकू?"

"थांब, चर्च येऊ दे."

दरीतल्या सगळ्या वाटा त्याला पाठ झाल्या. नदीकाठची सपाट वाट नवशिक्यांची. गिरणीवरून जंगलात शिरणारी मध्यम. आणि वरच्या कुरणापर्यंत चढून मग पलीकडे तळ्याशी उतरणारी, ती खऱ्या सायकलवाल्यांची. कुणाकडे जेवायला गेलं की तो या वाटांबद्दल असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं याचं आजोळच तिथलं. त्याच्या ऑफिसातला विनीत एकदा न राहवून म्हणाला, "अरे, पण तू तिकडे गेलायस का कधी?"

"रोज जातो," गुरुप्रसाद म्हणाला. त्याला यात विनोद वाटला नव्हता.

अखेर यंदाच्या जुलैत लीव्ह आणि व्हिसा दोन्ही मिळाले. मी सायकलला हात लावणार नाही, बाकावर बसून वाचत बसेन, या अटीवर हेमाही निघाली.

दरीतल्या गावात सायकली भाड्याने देणाऱ्या बाईंनी विचारलं, गाइड हवा का? गुरुप्रसाद हसला. कोणत्या वळणावर पाण्याचं कुंड आहे, कुठे जंगल संपतं, हे त्याने त्यांनाच सांगितलं.

"कितव्यांदा येताय?" बाई चकित झाल्या.

"पहिल्यांदाच."

बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "उतारावर सांभाळा. पावसाने खडी सुटी झालीय."

वडीलधाऱ्याने लहान मुलाचा सल्ला ऐकावा तशी त्याने मान डोलावली.

हेमा बसने वरच्या कुरणावर गेली. तिथे एक छोटं हॉटेल होतं. ती बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसली, आणि तिने पान उलटायच्या आत खालच्या वळणावर नवऱ्याचं हेल्मेट दिसलं. त्याच्या मागे धापा टाकत चार-पाच जर्मन तरुण. गुरुप्रसादने त्या सगळ्यांना मागे टाकलं होतं. हॉटेलबाहेर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. एका तरुणाने त्याच्याशी हात मिळवला.

"पाहिलंस?" तो हेमाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. हेमालाही खरंच कौतुक वाटलं. तिने त्याचा फोटो काढला. सूप पिऊन तो तळ्याकडच्या उतारावर निघाला.

पहिलं वळण हॉटेलवरूनच दिसत होतं. तिथे गुरुप्रसादच्या लक्षात आलं, की दीड वर्षात आपण एकदाही हँडल वळवलेलं नाही. आज चढावरची वळणं रुंद होती, कमी वेगात निभावून गेली. घरी वळण आलं की पडदाच वळायचा. ब्रेकला हात लावायची तर कधी वेळच आली नव्हती. त्याने आता तो लावला, पुढचा, आणि सगळी ताकद एकवटून. पुढचं चाक खडीत रुतलं, मागचं वर आलं, आणि दरीचा जाणकार झुडपांत जाऊन पडला.

हेमा धावत पोचली तेव्हा तो एक मनगट मांडीवर ठेवून बसला होता आणि दुसऱ्या हाताने दोन्ही पोटऱ्या खाजवत होता.

"खाजवू नका! खाजकुयलीसारखं काहीतरी दिसतंय."

"व्हिडिओत ही झुडपं नव्हती," तो म्हणाला.

मनगट सुजलं होतं. बसवाला त्याला तळ्यापर्यंत न्यायला तयार होता, सायकलीला मात्र नाही म्हणाला.

"तुम्ही जा बसने," हेमा म्हणाली. "सायकल मी आणते."

"तू? अगं, हा टेक्निकल उतार आहे."

"उतारच आहे ना?"

हेमा देवरुखजवळची. गाव डोंगरावर, हायस्कूल खाली, मधला रस्ता सुट्या जांभ्याचा. थोरल्या भावाची सायकल, पाठीमागे धाकटी बहीण, आणि एकच ब्रेक, तोही मनात आलं तर लागणारा. ही गोष्ट तिने गुरुप्रसादला लग्नानंतर सांगितली होती. तेव्हा तो पेपर वाचत होता.

तिने हॉटेलवाल्याकडून पाना घेऊन सीट खाली केली. गुरुप्रसाद बसच्या पायरीवरून सांगत होता, "दुसऱ्या वळणानंतर लाकडी पूल, मग डावीकडे घे. काही अडलं तर फोन कर."

"तुम्ही करू नका. मला दोन्ही हात लागतील."

पहिले काही क्षण तिने दोन्ही ब्रेक धरून ठेवले. इतक्या वर्षांनी! मग खडीचा तो करकर आवाज कानांत शिरला आणि अंग आपसूक मागे सरकलं, नजर लांब गेली. पुलाच्या अलीकडे एक गाय वाट अडवून उभी होती. "हैऽऽक!" हेमा ओरडली. ऑस्ट्रियन गाय निमूट बाजूला झाली. हेमा एकटीच मोठ्याने हसली. पुढे वाट फुटली. पाटी जर्मनमध्ये होती. तिला बरी दिसली त्या वाटेला ती लागली.

तळ्याकाठच्या बस स्टॉपवर गुरुप्रसाद हाताला बँडेज बांधून येरझाऱ्या घालत होता. ती भलत्याच बाजूने आलेली पाहून त्याची काळजी संतापात बदलली.

"कुठून आलीस तू?"

"काय माहीत! एक ओढा लागला, मग कुणाचं तरी शेत. तिथल्या बाईने ताक दिलं."

"त्या वाटेवर शेत नाहीये."

"मग दुसरी वाट असेल."

"कोणती?"

"चांगली होती," हेमा म्हणाली आणि तळ्यात पाय सोडून बसली.

दरीत अशी एखादी वाट आहे, जी आपल्याला ठाऊक नाही आणि हिला ठाऊक आहे, हे त्याला मनगटापेक्षा जास्त लागलं. सायकल आठवड्याभरासाठी घेतलेली होती. उरलेले दिवस हेमा फिरली, तो बसने तिच्या मागोमाग गेला. तिने आणलेलं पुस्तक तेवढं त्याचं वाचून झालं.

बहरीनला परतल्यावर विनीतने नईम भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये गप्पांचा कार्यक्रम ठेवला. गुरुप्रसाद बोललाही सुरेख. पडद्यावर त्याचा चढावरचा फोटो आला, मग तळं, पूल, शेत, गाय. हे फोटो हेमाच्या फोनमधले होते. ते कुणी काढले, असं कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

विनीतची बायको स्मिता हेमाच्या शेजारी बसली होती. "तू काय केलंस गं तिकडे? कंटाळली असशील."

"नाही गं. फिरले थोडी."

कार्यक्रम इतका रंगला, की शेवटी विनीतने उठून जाहीर केलं, थंडी पडली की आपण सगळे दर शुक्रवारी सकाळी उंटांच्या फार्मपलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर सायकली काढू. लीडर गुरुप्रसाद! टाळ्या पडल्या. गुरुप्रसाद हसला आणि पाणी प्यायला.

परतताना त्याने सिग्नलला गाडी थांबवली.

"तू का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तुम्ही छान सांगत होता."

"हेमा, मला वळता येत नाही गं."

हा कबुलीजबाब त्याने बायकोपुढे दिलेला पहिलाच असावा. हेमाने हसू दाबलं. "थंडी पडायला वेळ आहे अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल ट्रेनरवरून उतरली आणि मागचं चाक परत लागलं. कंपाउंडच्या मोकळ्या पार्किंगमध्ये हेमाने दोन चपला लांब लांब ठेवल्या आणि त्यांच्याभोवती सायकलने आठाचा आकडा काढायला सांगितलं. मेंटेनन्स इंजिनिअर आठल्ये जीभ दाताखाली धरून निघाले. वॉचमन वली खुर्ची उचलून सावलीत जरा मागे सरकला, न जाणो.

"समोर बघा, चाकाकडे नको!" हेमा बाजूने पळत ओरडत होती. "सोडा तो ब्रेक!"

"सोडला तर जाईल ना ती!"

"अहो, जायलाच घेतलीय ती!"

आठवडाभरात उजवीकडे वळणं जमलं. डावीकडे वळायची वेळ आली की तो अजून उतरतो, सायकल हाताने वळवतो आणि परत बसतो.