पाचवी रिंग

मालतीबाई दहाच्या बसनं टी. नरसीपूरला भावाकडे गेल्या. वाट तासाभराची. दुपारचे तीन वाजले तरी त्यांची रिंग आली नव्हती, आणि रंगराव शिंप्याचा जीव मशीनच्या सुईसारखा खालीवर होत होता.

घरचा नेम होता. पोचलं की एक रिंग द्यायची, 'घ्यायला या' सांगायचं असेल तर दोन. ऐकणाऱ्यानं फोन उचलायचा नाही; उचलला की पैसे तुटले. देवराज मोहल्ल्यात तेव्हा सगळ्यांचंच असं चाले. वरुणा गावच्या दूधवाल्याची एक रिंग म्हणजे उद्या दूध नाही. इंदिराबाईंच्या दोन म्हणजे, ब्लाउज झालं का? आवाज तोच, ज्याचं त्याचं सांगणं वेगळं. रंगरावांना अक्षरं येत नव्हती, पण टेपवरचे आकडे पाठ होते. नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून ते माणूस ओळखत. मालतीबाईंचे छत्तीस.

आठ दिवसांपूर्वी त्यांनी बायकोला न विचारता काजं करायचं मशीन आणलं होतं. चाळीस वर्षं दुकानातलं प्रत्येक काज मालतीबाईंनी हातानं केलेलं. त्या भांडल्या नाहीत. आज पिशवी भरून एवढंच म्हणाल्या, "आता इथं माझं काय काम?" रंगराव खाली मान घालून शिवत राहिले. तिथंच चुकलं.

फोन वाजला. एकदाच. रंगराव धडपडून उठले, कात्री पायावर पडता पडता राहिली. शेवटी चौऱ्याऐंशी. दूधवाला.

समोरचा बटणवाला शेषगिरी हसला. "अय्यो रंगराव, त्या फोनकडं बघून बघून डोळे जातील. तुम्हीच द्या की एक रिंग!"

"मी दिली तर तिनं काय समजायचं? माझ्या रिंगचं काही ठरलेलंच नाही. मी जातो कुठं कधी?"

"सुम्मने, उगाच नुसते बसू नका हो. आधी वाजवा, ठरवा मग."

रंगरावांनी छत्तीसचा नंबर लावला, एक रिंग देऊन तोडला. मग वाटलं, एक म्हणजे 'पोचलो'. दुकानात बसलेला माणूस पोचला कुठं? ते उठले, बसले, पाणी प्यायले, पुन्हा उठले.

इतक्यात फोन थरथरला. छत्तीस! एक. पोचली, देवा पांडुरंगा. दोन. घ्यायला या! त्यांचा हात खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेला. तीन. हात तिथंच थांबला. चार. बस उलटली की काय? तिला काही झालं, दुसऱ्याच कुणी फोन लावला? पाच.

"उचला!" शेषगिरी ओरडला.

"आमच्यात उचलत नाहीत—"

शेषगिरीनं धावत येऊन हिरवं बटण दाबलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"अहो, हात मोडला काय उचलायला?" मालतीबाईच.

"पाच वाजल्या. पाचचं ठरलं नव्हतं."

"पाच म्हणजे बोला."

रंगरावांनी गळ्यातला टेप बोटाला गुंडाळला. "पोचलीस तेव्हा रिंग का दिली नाहीस?"

"बघत होते, तुम्ही देता का."



"तिरुमलरावांचं रेशमी जाकीट मशीनखाली घातलं," रंगराव म्हणाले. "काज फाटलं."

"फाटणारच! रेशीम बोटानं धरावं लागतं. आता हात लावू नका त्याला. ओढलंत तर पार जाईल."

"नाही लावत."

फोन बंद झाला. येते म्हणाल्या नाहीत. रंगरावांनी जाकीट उचललं, तिनं सांगितलेलं आठवून ठेवून दिलं. मशीनवर फडकं टाकलं.

फोन वाजला. एक. दोन. थांबला.

छत्तीस.

"शेषगिरी, दुकान बघा!"

"रंगराव, टेप तरी काढा गळ्यातला!"

पण ते कोपऱ्यावरून बस स्टँडकडे वळले होते.