साडेएकवीस गेम

"तोंडाकडं काय पाह्यता? पायाकडं पाहा," देवराव म्हणाले, तशी विक्कीच्या मोबाइल दुकानातली सगळी डोकी त्या वीतभर पडद्यावर आणखी झुकली.

पडद्यावर कुठल्याशा परक्या देशातले दोन टेनिसपटू चेंडू बडवत होते. एक दाढीवाला, एक पिवळी टोपीवाला. त्यांचा खेळ बघायला त्यांच्या गावात चिटपाखरू नव्हतं, पण इकडे नागभीडच्या स्टेशन रोडवर लोकांचा जीव त्यांच्यात अडकला होता.

कोण जिंकणार याच्याशी इथे कोणाला कर्तव्य नव्हतं. विक्कीच्या ॲपवर एक आकडा यायचा. आज तो साडेएकवीस होता. दोघांचे मिळून गेम त्याच्या वर जाणार की खाली राहणार, एवढंच सांगून पैसे लावायचे. मॅच लांबली तर बावीस किंवा जास्त, एखादा लवकर ढेपाळला तर एकवीस किंवा कमी. मोठ्या खेळाडूंचा अंदाज साऱ्या जगाला असतो, म्हणून विक्की असे ना नाव ना गाव असलेले खेळाडू धरायचा. त्यांच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नसे. देवरावांनाही नसे, पण देवराव पाय बघत.

उभी हयात त्यांनी शंकरपटात बैलजोड्या पळवण्यात घालवली होती. नुसती चाल पाहून ते सांगत, ही जोडी शेवटपर्यंत टिकेल आणि ही अर्ध्यात फुटेल. मग पटांवर बंदी आली. ती उठेपर्यंत जोड्या हाकणारे नवे धुरकरी तयार झाले होते आणि देवरावांना कोणी विचारेनासं झालं. ते त्यांना फार लागलं होतं. अशात एकदा भाचा विक्की थट्टेत म्हणाला, "मामा, यातला कोन टिकते, सांगा बरं." त्यांनी सांगितलं, ते खरं झालं. पुन्हा झालं. मधे दोनदा चुकलंही, पण चुकलेलं कोण लक्षात ठेवतो? विक्कीने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि देवरावांना तरी चढायची हौस कुठे कमी होती!

केसरबाई, त्यांची बायको, तेवढी म्हणाली होती, "बैलाचं ठीक हाय. मानसाचं तुमाले काय समजते?"

"दम तं दमच रायते," देवराव म्हणाले होते. "दोन पायाचा काय न चार पायाचा काय."

आज त्यांच्या शेजारी चैतू बसला होता. भिंतीपलीकडचा शेजारी, वयाने पंधरा-वीस वर्षांनी लहान. त्याच्या पटाच्या जोडीतला एक बैल हिवाळ्यात वाघाने मारला. उरला चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेला, पळायला वाऱ्यासारखा, लहानपणापासून देवरावांच्या हाताची सवय असलेला. पण जोडीदाराशिवाय तो ना पटाला जाई ना नांगराला. चैतूने नवा बैल घ्यायचं ठरवलं आणि पैसा उभा करायला भलतीच वाट धरली. त्याने चांद्यावरच ब्रह्मपुरीकडच्या दलालाकडून इसार घेतला आणि तो सगळा या मॅचवर लावायचं मनात धरलं. जिंकला तर इसार परत, वर जोडीदार दाराशी. हरला तर दलाल उरलेले चार पैसे टेकवून चांद्याला नेणार.

सकाळी तो अंगणात आला होता. "भाऊ, तुमी मन्ता तं लावतो."

तेव्हाच त्याला हाकलून लावायला हवं होतं. पण आदल्या दिवशीचा त्या दोघांचा खेळ देवरावांनी पाहिला होता. पोटऱ्या सारख्या, धाप सारखी. शिवाय किती वर्षांनी कोणी असं हात जोडल्यासारखं विचारत होतं. "लाव," ते म्हणाले. "बरोबरीची जोडी हाय. लंबीच जाते."

पहिला सेट खरोखर लांबला. सात-सहा. दाढीवाल्याने तो कसाबसा जिंकला, तेरा गेम झाले. आता आणखी नऊ हवे होते. दुकानात चहा आला. विक्कीने देवरावांच्या पाया पडायचं नाटक केलं. चैतू मात्र हसला नाही, त्याचे ओठ हलत होते.

दुसरा सेट दोन-दोन झाला आणि पिवळी टोपी थांबली. म्हणजे खेळत होती, पण धावत नव्हती. चेंडू कोपऱ्यात पडला की तो नुसता बघायचा. देवरावांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. पाय शाबूत होते, लंगडणं नव्हतं, धापही नव्हती.

"हा काऊन नाई पळून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"सोडली त्यानं," विक्की म्हणाला. "उद्या दुसऱ्या गावी खेळाचं असंन, मामा. पयला सेट गेला, आता काऊन जीव काढीन? हारला तरी थोडेफार भेटतेच."

"धड पायाचा असून?"

"करतेत असं."

अंगात दम असताना मधेच पाय आवरणारा बैल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बैलाला जीव राखून पळणं ठाऊक नसतं. माणसाला असतं, हे केसरबाईला कळलं होतं आणि त्यांना नाही.

दाढीवाल्याने दुसरा सेटही सहा-दोन घेतला आणि मॅच संपली. तेरा आणि आठ, एकवीस. पिवळ्या टोपीने हसत दाढीवाल्याचा हात हातात घेतला आणि पिशवी खांद्याला लावली.

"एकानं गेली," विक्की पुटपुटला. चैतू उठला, चपला पायात सरकवल्या आणि निघाला. देवराव त्याच्या मागून गेले, पण त्याला गाठायचं धाडस त्यांना झालं नाही. घरी केसरबाईने ताट वाढलं आणि एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर जेवण तरी गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दलालाची गाडी चैतूच्या दाराशी लागली. चढायला लावलेल्या फळीवर चांद्या पाय ठेवेना. दोघांनी ओढलं, एकाने शेपटी पिरगाळली, तेव्हा त्याने असं मुंडकं झाडलं की माणसं बाजूला पांगली. देवराव घरात कान झाकून बसल्यासारखे बसले होते. दारात चैतू आला.

"भाऊ, थो तुमचं आयकते. त्याले मारून राह्यले."

देवराव गेले. त्यांनी काठी मागितली नाही, दोरही धरला नाही. वशिंडावर हात ठेवला आणि जिभेने टाळूवर हळूच टकटक केलं. चांद्याचे कान उभे झाले. इकडेतिकडे न बघता, पटाच्या सुरुवातीच्या रेषेवर जावं तसा, तो त्यांच्याबरोबर फळी चढून वर गेला.

"वा भाऊ, हात हाय तुमचा," दलाल म्हणाला.

देवराव बैलाशेजारी तसेच उभे राहिले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी त्यांना हलवेना. फळी काढून झाली होती आणि खालची जमीन लांब दिसत होती.

चैतूने खालून हात पुढे केला.

"हळू उतरा, भाऊ," तो म्हणाला.